१९७२ ची प्लिमथ डस्टर: पंधरा हजार डॉलरच्या मर्यादेतील एका पुनर्बांधणीचे प्रकरण

हे प्रकरण एका गाडीचे आणि एका खर्चमर्यादेचे आहे. गाडी म्हणजे १९७२ सालची प्लिमथ डस्टर: ३१८ घनइंचाचे व्ही-आठ इंजिन, तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दोन दारे आणि मिशिगनचे कित्येक हिवाळे उघड्यावर काढलेला पत्रा. मर्यादा म्हणजे खरेदीच्या रकमेसह पंधरा हजार डॉलर. काम करण्याची जागा डेट्रॉइटच्या उत्तरेकडील उपनगरातल्या आमच्या घराचे गॅरेज आणि वेळ शनिवार-रविवारचा, असे तीन वर्षांचे गणित मी मांडले होते. गाडी प्रदर्शनात मांडण्याजोगी व्हावी अशी अपेक्षा नव्हती. ती बाहेरून मूळ रूपात दिसावी, पण मुलांना मागच्या सीटवर बसवून आजच्या रहदारीत निर्धास्तपणे चालवता यावी, म्हणजेच जिथे गरज आहे तिथे ती मूळ गाडीपेक्षा सुधारलेली असावी, एवढाच हेतू होता.

मसल कार म्हणजे मध्यम किंवा लहान आकाराच्या साध्या गाडीत मोठे व्ही-आठ इंजिन बसवून तरुण ग्राहकाला परवडेल अशा किमतीत विकलेली अमेरिकन गाडी, अशी ढोबळ व्याख्या करता येते, आणि १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून या प्रकाराची सुरुवात मानण्याचा प्रघात आहे. आज या गाड्यांतील नावाजलेल्या नमुन्यांच्या किमती नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. डस्टरचे तसे झालेले नाही, आणि त्याचे कारण तिच्या जन्मातच आहे. क्रायस्लरच्या प्लिमथ विभागाने व्हॅलिअंट या साध्या कौटुंबिक गाडीचा पुढचा भाग जसाच्या तसा ठेवून मागे उतरत्या छपराची नवी बॉडी बसवली आणि १९७० च्या हंगामात ती डस्टर या नावाने बाजारात आणली. पहिल्याच वर्षी दोन लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या आणि १९७६ पर्यंत ती बनत राहिली. त्यामुळे ती दुर्मिळ नाही, आणि तिचे असंख्य भाग व्हॅलिअंट व डॉज डार्ट या भावंडांशी जुळतात. कमी पैशांत पुनर्बांधणी करणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

प्लिमथ हे नाव आमच्या घरात नवे नव्हते, हेही नमूद करायला हवे. वालचंद हिराचंद यांच्या समूहाने १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्यांची जुळणी मुंबईत कुर्ल्याला सुरू केली होती. माझे बाबा पुढे त्याच परिसरातील एका वर्कशॉपमध्ये डेंटिंगचे काम करीत. या प्रकरणातील पहिली मोठी चूक त्यांनीच फोनवरून दाखवून दिली.

गाडी मी ५,२०० डॉलरला घेतली. पाहायला गेलो तेव्हा सर्वप्रथम डॅशबोर्डवरील पट्टीवरचा गाडीचा क्रमांक वाचला, आणि हे काम मी नीट केले. क्रमांकाची सुरुवात व्हीएल२९जी२बी अशी होती: व्ही म्हणजे व्हॅलिअंट-डस्टर कुळ, एल म्हणजे कमी किमतीची श्रेणी, २९ म्हणजे दोन दारांची स्पोर्ट्स कूपे, जी म्हणजे दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटरचे ३१८ इंजिन, २ म्हणजे १९७२ आणि बी म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना. १९८० मध्ये बंद झालेला तो कारखाना माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर होता. विक्रेत्याने जाहिरातीत ‘३४० सारखी’ (म्हणजे ३४० घनइंची इंजिनाच्या दमदार डस्टरसारखी) असे लिहिले होते आणि मडगार्डावर ३४० चे पट्टेही लावले होते. पण खऱ्या ३४० डस्टरच्या क्रमांकाची सुरुवात व्हीएस२९एच अशी होते. ३४० ला १९७२ साली २४० अश्वशक्तीचे मानांकन होते, तर ३१८ ला १५०. ही दोन्ही मापे निव्वळ शक्तीची आहेत. आदल्या वर्षीपर्यंत इंजिन सुटे ठेवून, सायलेन्सर आणि इतर जोडण्या काढून मोजलेली ढोबळ शक्ती छापत, म्हणून त्याच ३१८ पुढे १९७१ च्या माहितीपत्रकात २३० हा आकडा दिसतो. हा फरक ठाऊक नसलेला ग्राहक जुन्या आकड्यांवर भाळतो. क्रमांक वाचल्यामुळे पट्ट्यांचे पैसे मी दिले नाहीत.

पत्रा मात्र मी वाचला नाही. रंग चकचकीत होता, खालच्या बाजूला जाड काळे डांबरी लेपन होते आणि ते पाहून मला उलट बरे वाटले. गाडी घरी आल्यावर संध्याकाळी मोठ्या कौतुकाने बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. त्यांनी फक्त एवढेच विचारले, “उचलून खालून टोचा मारून बघितलास का?” दुसऱ्या दिवशी गाडी स्टँडवर घेऊन स्क्रू-ड्रायव्हरने लेपन खरवडले. चालकाच्या पायाखाली मूळ पत्र्याऐवजी रिव्हेट मारून बसवलेला गॅल्व्हनाइज्ड पत्रा निघाला, मागच्या चाकांवरच्या कमानींमध्ये बोटभर जाडीची पुट्टी (लांबी) भरलेली आढळली, आणि पुढच्या सीटखाली आडव्या जाणाऱ्या क्रॉसमेंबरला डाव्या टोकाशी टोचा लावला तेव्हा तो मुठीपर्यंत आत गेला.

हे शेवटचे छिद्र सर्वांत गंभीर होते. या गाडीला पुढच्या चाकांसाठी गुंडाळीच्या स्प्रिंगा नाहीत. इंजिनाखालून मागे जाणारे दोन पोलादी दांडे पिळले जातात आणि तो पीळच स्प्रिंगचे काम करतो. दांड्यांची मागची टोके याच क्रॉसमेंबरमध्ये अडकवलेली असतात, म्हणजे गाडीच्या पुढच्या भागाचे वजन अखेर त्या पत्र्यावर येते. तो कुजला तर एखाद्या खड्ड्यात दांड्याचे टोक जागा सोडू शकते. शिवाय या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा आहे, त्यामुळे गंज हा येथे दिसण्याचा दोष नसून ताकदीचा दोष ठरतो. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे १२०० फुटांवर मिठाची खाण आहे आणि बर्फ वितळवण्यासाठी या भागातील रस्त्यांवर दर हिवाळ्यात मीठ पसरतात. इथली जुनी गाडी विकत घेताना या मिठाचा हिशेब आधी करायचा असतो, तो मी नंतर केला.

या टप्प्यावर तीन पर्याय होते: गाडी तोट्यात विकून टाकणे, वरवर ठिगळे मारून इंजिनाच्या कामाला लागणे, किंवा मर्यादेतील मोठा वाटा पत्र्याकडे वळवणे. मी तिसरा मार्ग घेतला आणि त्याच आठवड्यात खर्चाचा क्रम कागदावर लिहून गॅरेजच्या भिंतीवर लावला: आधी सांगाडा, मग ब्रेक, मग वायरिंग, मग इंजिन, आणि रंग सर्वांत शेवटी. सुरुवातीच्या योजनेत निम्मी रक्कम इंजिनासाठी होती. ती योजना रद्द केली. नव्या योजनेतील दुसरा नियम असा की, गाडीची ताकद तिच्यातील सर्वांत कच्च्या भागाला झेपेल तेवढीच वाढवायची. पुढील सगळे निर्णय या दोन नियमांनी झाले.

पत्र्याचे काम

जमिनीचा पत्रा कापण्याआधी तो कशामुळे कुजला हे शोधणे गरजेचे होते, नाहीतर नवाही त्याच वाटेने गेला असता. विंडस्क्रीनच्या पुढे, बॉनेटच्या मागच्या कडेला हवा आत घेणाऱ्या जाळ्या असतात आणि त्यांखाली एक बंद पन्हळ असते. मी आतले कार्पेट काढून पायाखाली कोरडी वर्तमानपत्रे अंथरली, बाहेरून त्या जाळ्यांवर पाण्याचा पाइप सोडला आणि आत टॉर्च घेऊन आडवा झालो. दीडएक मिनिटाने डाव्या बाजूला, हवेच्या झडपेच्या कडेने एक थेंब लोंबू लागला, मग ओघळ सुरू झाला आणि वर्तमानपत्रावर तपकिरी डाग पसरत गेला. पन्हळीत वर्षानुवर्षांचा पाचोळा साचून त्याचे खत झाले होते. तो ओलाच राहत असे आणि पत्रा आतून खात असे. पन्हळ स्पॉट-वेल्डने बंद केलेली असल्यामुळे तीसेक वेल्ड ड्रिलने सोडवून वरचा पत्रा उचलावा लागला. साफ करून, नवा पत्रा शिवून, सांधे सीलंटने भरून तीच पाण्याची परीक्षा पुन्हा घेतली आणि वर्तमानपत्रे कोरडी राहिल्यावरच पुढे सरकलो.

डस्टरच्या जमिनीचे तयार पत्रे, डिकीचा तळ आणि मागच्या कमानींचे तुकडे बाजारात नवे मिळतात. त्यांना १,१५० डॉलर लागले. साधी वेल्डिंग मी शेजाऱ्यांकडून शिकलो. हे गृहस्थ साचे बनवण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या हाताला मिलिमीटर कळतो. तरीही क्रॉसमेंबर आणि मागच्या उभ्या पट्ट्या यांना मी हात लावला नाही. त्यासाठी सांगाड्याचेच काम करणारा वेल्डर बोलावून त्याला १,८०० डॉलर दिले. संपूर्ण प्रकल्पात दुसऱ्याच्या मजुरीवर झालेला हा सर्वांत मोठा खर्च होता आणि तो मला आजही रास्त वाटतो. कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप तात्पुरते वेल्ड केले, दारे जागेवरच टांगून ठेवली आणि दाराभोवतीच्या फटी सहा ठिकाणी मोजून नोंदवल्या. एका वेळी एकच बाजू कापली. बॉडीलाच सांगाडा मानणाऱ्या गाडीची दोन्ही बाजूंची जमीन एकदम काढली तर ती मध्ये वाकते, आणि मग नवा पत्रा वाकलेल्या मापात पक्का होतो. काम संपल्यावर फटींत कुठेही दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला नव्हता. या सगळ्यात अकरा महिने गेले.

ब्रेक आणि मागचा एक्सल

मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची ठरावीक काळाने होणारी सक्तीची तपासणी नाही. म्हणजे ब्रेक बरोबर आहेत की नाहीत, हे विचारणारा मालकाशिवाय दुसरा कोणी नसतो. या डस्टरला चारही चाकांना दहा इंची ड्रम-ब्रेक होते, आणि ओल्या रस्त्यावर किंवा सलग दोन-तीनदा जोरात दाबल्यावर पुढचे ड्रम गाडी एका बाजूला ओढत. पुढे डिस्क हव्या होत्या. १९७३ पासून क्रायस्लरने या कुळातील गाड्यांना एका पिस्टनच्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या) साध्या, मजबूत डिस्क दिल्या आणि त्या जुन्या गाड्यांना बसतात. मात्र त्यांच्या स्पिंडलला, म्हणजे चाक ज्यावर फिरते त्या भागाला, वरचा बॉल-जॉइंट (गोलाकार सांधा) मोठा लागतो, म्हणून त्याला गाडीशी जोडणारा वरचा कंट्रोल आर्मही त्याच सालचा घ्यावा लागतो. नुसते स्पिंडल आणून अडकलेली माणसे मी पाहिली आहेत.

दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. १९७२ पर्यंतच्या या गाड्यांच्या चाकांचे पाच बोल्ट चार इंच व्यासाच्या वर्तुळावर असतात, तर १९७३ च्या डिस्कवर ते वर्तुळ साडेचार इंचांचे होते. पुढे नवी डिस्क लावली की गाडीला पुढे एक आणि मागे दुसरे अशी दोन तऱ्हांची चाके लागतात आणि एकच स्टेपनी दोन्हीकडे बसत नाही. त्यातच माझ्या गाडीचा मागचा एक्सल सव्वासात इंची गिअरचा, या कुळातील सर्वांत हलका होता. दोन्ही प्रश्न एकाच भागाने सुटले. ओहायोतील भंगार गाड्यांच्या एका आवारात १९७४ ची व्ही-आठ डार्ट सापडली. तिच्यात पुढचे स्पिंडल, कॅलिपर आणि वरचे आर्म तर होतेच, पण मागे सव्वाआठ इंची एक्सल होता, आणि त्याच्या बोल्टांचे वर्तुळ साडेचार इंचांचे. तो मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांवर सरळ बसला. जुने घेतले ते फक्त लोखंड. डिस्क, पॅड, होजपाइप, पोलादी नळ्या, मास्टर सिलिंडर, पुढच्या-मागच्या दाबाचे प्रमाण राखणारा व्हॉल्व्ह, बॉल-जॉइंट आणि बुश सर्व नवे घातले. एक्सलसह हा खर्च १,८७० डॉलर झाला, आणि साडेचार इंची मापामुळे पंधरा इंची चाकांचा व रेडिअल टायरांचा मोठा बाजार खुला झाला. चाके व टायर ९८० डॉलरला पडले.

वायरिंग

या काळातील क्रायस्लर गाड्यांत वायरिंगचा एक मूळचाच दोष आहे. अल्टर्नेटरने निर्माण केलेला प्रवाह इंजिनकक्षातून फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीवरच्या) प्लास्टिकच्या जोडणीतून आत येतो, आणि त्यातला बॅटरीकडे जाणारा प्रवाह डॅशबोर्डमधील ॲमीटर या प्रवाह मोजणाऱ्या काट्यातून जाऊन तशाच दुसऱ्या पिनमधून बाहेर पडतो. गाडी नवी असताना हे चालते. पन्नास वर्षांत पिनांवर हिरवा थर चढतो, रोध वाढतो आणि रोध असतो तिथे उष्णता होते. मी जोडणी सोडवली तेव्हा लाल जाड वायरच्या खाचेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन ओघळलेले होते आणि पितळी पिन जळल्याप्रमाणे निळसर पडली होती. ही गाडी डॅशबोर्डमागे पेट घेण्याच्या किती जवळ होती, ते त्या एका पिनने सांगितले. त्यावर अल्टर्नेटरपासून स्टार्टरच्या रिलेपर्यंत फ्यूज-लिंकसह (जादा प्रवाहात वितळून तुटणाऱ्या वायरच्या तुकड्यासह) थेट जाड वायर टाकली, ॲमीटरला वळसा घातला आणि त्याच्याऐवजी व्होल्टमीटर बसवला. मूळ ॲमीटरचा चेहरा शोभेपुरता जागेवर आहे.

इग्निशनचे पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे यांत्रिक संपर्क) काढून क्रायस्लरचेच इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावले, जे कंपनीने १९७३ पासून आपल्या सर्व अमेरिकी गाड्यांना दिले. त्यानंतर एका रविवारी गाडीने विचित्र खोड काढली: किल्ली फिरवली की इंजिन लागे आणि किल्ली सोडताच त्या क्षणी बंद पडे. मी कार्ब्युरेटर उघडण्याच्या बेतात होतो. शेजाऱ्यांनी फायरवॉलवरच्या बोटभर लांबीच्या पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्याकडे बोट दाखवले. तो बॅलस्ट रेझिस्टर. स्टार्टर फिरत असताना कॉइलला त्याला टाळून पूर्ण दाब मिळतो आणि किल्ली सोडली की प्रवाह त्याच्यातून जातो. तो तुटलेला असेल तर नेमके असेच होते. नवा काही डॉलरला मिळाला आणि तेव्हापासून एक जादा तुकडा ग्लोव्ह बॉक्समध्ये कायम असतो. वायरिंगचा एकूण खर्च ५१० डॉलर.

इंजिन

मोठे आधुनिक इंजिन टाकण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. पण त्याबरोबर गिअरबॉक्स, रेडिएटर, इंधनपंप आणि एक्सल बदलावे लागतात आणि मर्यादा दुपटीने ओलांडली जाते. म्हणून आधी असलेले इंजिन मोजले. सहा सिलिंडरांत दाब १३० ते १४० पौंड प्रति चौरस इंच होता आणि पाचव्या व सातव्यात पन्नासच्या आसपास. हे दोन सिलिंडर डाव्या रांगेत शेजारी-शेजारी आहेत आणि या इंजिनाच्या १-८-४-३-६-५-७-२ या पेटण्याच्या क्रमात लागोपाठ येतात. दोन शेजाऱ्यांचा दाब एकदम उतरला तर संशय पिस्टनवर नव्हे, त्यांच्यामधल्या हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ठोकळा आणि वरचे हेड यांमधल्या सीलवर, घ्यायचा असतो. हेड काढल्यावर गॅस्केट तिथेच जळालेले दिसले. सिलिंडरच्या भिंतींना ओरखडा नव्हता आणि व्हॉल्व्हच्या सीट शिसेविरहित पेट्रोलमुळे खाली गेलेल्या नव्हत्या. पूर्ण ओव्हरहॉलचे पैसे तिथेच वाचले.

ऑइल पॅन काढला तेव्हा तळाच्या काळ्या गाळात तांदळाच्या दाण्यांएवढे पिवळट तुकडे सापडले. हे टायमिंग चेनच्या वरच्या चक्राचे नायलॉनचे दात होते. आवाज कमी व्हावा म्हणून कारखान्यात तसे चक्र बसवत. जुने झाल्यावर दात ठिसूळ होऊन गळतात आणि ऑइलपंपाच्या जाळीत अडकतात. जाळी अर्धी बुजली होती. संपूर्ण पोलादी चक्रांची नवी चेन बसवली. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट मात्र जुनाच ठेवला आणि त्यावर टेकणारे सोळा टॅपेट अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमांक घालून ठेवून ज्याचे त्याच्याच जागी परत घातले. या प्रकारच्या चपट्या टॅपेटांचा नवा कॅम पहिली वीस मिनिटे २००० फेऱ्यांच्या वर चालवून मुरवावा लागतो आणि आजच्या बहुतेक तेलांत जस्ताचे प्रमाण कमी असल्याने त्यातच तो झिजून जाण्याची भीती असते. जुनी जोडी निरोगी असताना तो धोका पत्करण्याचे कारण नव्हते. तेल जस्तयुक्तच घालतो. चार नळ्यांचा, मिनिटाला सहाशे घनफूट हवेचा कार्ब्युरेटर, वापरलेला ॲल्युमिनिअमचा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना मिश्रण वाटणारा नळ्यांचा संच) आणि सव्वादोन इंची दुहेरी सायलेन्सर एवढीच ताकदीची भर घातली. सारे मिळून १,९०० डॉलर लागले. इंधनटाकी आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारे पाइप यांचे ३९० वेगळे.

रंगाची पूर्वतयारी मी आणि माझ्या थोरल्या मुलीने केली. मूळ निळा रंग एका भाड्याच्या बूथमध्ये मारून घेतला, त्याला १,३०० डॉलर पडले. सीट-कव्हर आणि कार्पेट ६४० आणि किरकोळ ४६० धरून एकूण हिशेब १६,२०० डॉलरवर थांबला, म्हणजे मर्यादेच्या बाराशे डॉलर पुढे. सांगाड्याच्या वेल्डरला दिलेले पैसे यापेक्षा जास्त आहेत. त्याच सुमारास ॲरिझोनातील एक कोरडी डस्टर, सीटच्या चिंध्या झालेली पण पत्र्याने धडधाकट, वाहतुकीसह साडेआठ हजारांच्या आसपास मिळत होती आणि ती मी महाग म्हणून सोडली होती. माझ्या गाडीची किंमत आणि पत्र्याचा खर्च यांची बेरीज ८,१५० येते आणि त्यात अकरा महिन्यांची मेहनत धरलेली नाही. आज कोणी विचारले तर मी ॲरिझोनाची गाडी घ्यायला सांगतो.

गाडीला मिशिगनची ऐतिहासिक वाहनाची नंबराची पाटी मिळाली आहे. त्या पाटीवर एरवी मेळावे आणि प्रदर्शनांपुरतेच गाडी चालवता येते, पण ऑगस्ट महिन्यात ती मोकळेपणाने चालवण्याची मुभा आहे. १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी मोठी फेरी निघते, तिच्यात मागच्या वर्षी आम्ही चौघे सामील झालो. चार तासांच्या संथ रहदारीत तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या थोडा वर राहिला आणि व्होल्टमीटर चौदावरून हलला नाही. उजव्या दाराच्या रबरातून वारा शिटी घालतो आणि हीटरच्या कोअरमधून पाणी झिरपते आहे. कोअर बदलण्यासाठी संपूर्ण हीटरबॉक्स बाहेर काढावा लागतो, त्यामुळे ते काम या हिवाळ्यात, पाटीचा महिना संपल्यावर, हाती घेतले आहे.